पोंग्यातल्या अळीला बुरशीचा उतारा

बुरशीच्या औषधाबद्दल गावात सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य एकच: "मारून बघितलं, काही फरक पडला नाही." हे वाक्य खोटे नसते. शेतकऱ्याने पुडी आणलेली असते, पंपात कालवलेली असते, सकाळी दहाच्या उन्हात फवारलेली असते. दुसऱ्या दिवशी पोंगा उघडून पाहावा तर अळी आत निवांत खात बसलेली. रासायनिक औषधाची कसोटी लावली तर हा निकाल बरोबरच आहे. पण बुरशी त्या जातीचे औषध नव्हे. तिला अळीच्या अंगावर रुजावे लागते, कातडीतून आत शिरावे लागते, रक्तात वाढावे लागते. त्यासाठी ओल लागते आणि दिवस लागतात. तिच्याकडून काम करून घ्यायचे असेल तर तिचे वेळापत्रक आपल्याला पाळावे लागते, एवढे एकच सूत्र या पुस्तिकेत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आहे. त्यासाठी मक्यावरच्या लष्करी अळीचे उदाहरण निवडले आहे, कारण बुरशीचे बळ आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी मक्याच्या शेतात लख्ख दिसतात.

मक्याकडे आपण वर्षानुवर्षे बिनत्रासाचे पीक म्हणून पाहत आलो. खोडकिडा होता, कणसावर अळी पडे, पण त्यासाठी पाठीवर पंप घेण्याची वेळ क्वचित येई. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर एक अनोळखी अळी सापडली आणि हे चित्र बदलले. ती ‘स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा’, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांत ती पूर्वापार आहे. २०१६ मध्ये आफ्रिकेत तिची पहिली नोंद झाली आणि दोनच वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडचे जवळजवळ सगळे देश तिने व्यापले. भारतानंतर २०१९ मध्ये ती चीनमध्ये आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचली. महाराष्ट्रात २०१८ मध्येच सोलापूर-सांगली भागात ती मक्यावर आणि उसावर आढळली. पुढच्या खरिपात नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना या मक्याच्या पट्ट्यांत तिचे नाव घरोघर झाले. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे आपल्या शिवारात ती नाही म्हणून निश्चिंत राहण्याचे दिवस संपले.

तिचा जीवनक्रम नीट समजला नाही तर पुढचे सगळे व्यर्थ आहे, म्हणून तो इथेच थोडक्यात सांगतो. मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंज घालते आणि त्यावर आपल्या अंगावरच्या केसांचे मऊ आवरण चढवते. एक मादी आयुष्यात दीड-दोन हजार अंडी घालू शकते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात. या बारीक अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा खरवडतात, त्यामुळे पानावर पांढुरके, पारदर्शक चट्टे पडतात. काही अळ्या धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडांवर जातात. मग त्या पोंग्यात शिरतात. कात टाकत टाकत दोन ते तीन आठवड्यांत सहा अवस्था पार पडतात. वाढलेल्या अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीच्या बाजूला चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतात. त्यानंतर ती जमिनीत जाऊन कोषात जाते. उबदार हवेत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते.

यातली एक गोष्ट शेतकऱ्याने मनात पक्की करावी. अळी आयुष्यभरात जितके खाते, त्यातला बहुतेक वाटा ती शेवटच्या अवस्थेत खाते. म्हणजे पानांना मोठी भोके पडून, पोंग्यात ओला भुसा साचून नुकसान डोळ्यांत भरते, तेव्हा अळी आपले बहुतेक आयुष्य जगून झालेली असते. तोपर्यंत तिने पोंग्याचे तोंड स्वतःच्या विष्ठेने बुजवलेले असते आणि वरून मारलेले औषध त्या बुचावरच थांबते. दिवसा ती आत दडते, रात्री खाते. नुकसान पाहून पंप उचलणारा माणूस या किडीच्या मागेच राहतो.

मागे राहिल्याची किंमत तो अधिक विषाने मोजतो. एका फवारणीने भागले नाही की दुसरी, एका औषधाने भागले नाही की दोन औषधांचे मिश्रण. मक्याच्या बाबतीत हे तीन कारणांनी जास्त धोक्याचे आहे. पहिले कारण उंचीचे. महिना-सव्वा महिन्यानंतर हे पीक माणसाच्या छातीपर्यंत आणि पुढे डोक्यावर जाते. फवारणाऱ्याच्या तोंडावर, डोळ्यांवर तुषार पडतात आणि दाट पिकात वाराही खेळत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. त्यामागच्या कारणांची चर्चा होताना उंच वाढलेल्या कपाशीचा उल्लेख वारंवार झाला. मक्यात तर ही उंची दर हंगामाची आहे. दुसरे कारण चाऱ्याचे. आपल्याकडे मका दाण्यासाठी पिकतो तसा हिरव्या वैरणीसाठी आणि मुरघासासाठीही पिकतो. पोंग्यात ओतलेले औषध गव्हाणीतून दुधाच्या वाटेला लागू नये, ही काळजी दूध धंद्यावर चालणाऱ्या प्रत्येक घराला असायला हवी.

तिसरे कारण या अळीच्या स्वभावातले आहे. विष पचवण्याची तिची ताकद जगभर नोंदली गेली आहे. अनेक गटांतील रासायनिक कीटकनाशकांना तिने दाद देणे सोडले आहे. एवढेच काय, पोर्टो रिको बेटावर बीटी मक्यातल्या विषारी प्रथिनालाही ती सरावली आणि ते वाण तिथल्या बाजारातून मागे घ्यावे लागले. भारतात बीटी मक्याला परवानगीच नाही. तेव्हा आपल्या हातात उरते ती औषधांची बाटली, आणि तीही दर हंगामाला थोडी कमकुवत होत जाणारी.

अशा वेळी निसर्गातच चालू असलेल्या एका व्यवहाराकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. श्रावण-भाद्रपदात, झड लागून गेल्यावर सोयाबीनच्या शेतात पानाला चिकटून ताठ झालेल्या अळ्या अनेकांनी पाहिल्या असतील. आधी पांढऱ्या, मग फिकट पोपटी, हात लावला तर बोटाला हिरवट पूड लागते. ही ‘नोमुरिया रिलेयी’ नावाची बुरशी. अलीकडच्या वर्गीकरणात तिला ‘मेटाऱ्हायझियम’ या प्रजातीत घेतले आहे, पण शेतकऱ्यांत आणि शिफारशींत जुने नावच चालते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात तिच्यावर लष्करी अळी देशात येण्याच्या कितीतरी आधीपासून काम चालू होते. २०१८ मध्ये ही नवी कीड कर्नाटकात उतरली, त्याच हंगामात तिथल्या मक्यात याच बुरशीने मेलेल्या लष्करी अळ्या सापडल्या. परक्या किडीला इथल्या मातीतला शत्रू पहिल्याच वर्षी भेटला होता.

अळीला बुरशी मारू शकते हे ज्ञान मात्र बरेच जुने आहे आणि त्याची सुरुवात मारण्यासाठी झालीच नव्हती, वाचवण्यासाठी झाली होती. इटलीत रेशमाचे किडे पांढरे, चुनखडीसारखे कडक होऊन मरत. लोदीजवळच्या आगोस्तिनो बास्सी यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून १८३५ मध्ये दाखवून दिले, की हा रोग एका सूक्ष्म बुरशीने होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे पसरतो. प्राण्याला होणारा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो याचा हा पहिलावहिला पुरावा. पाश्चर यांचे काम त्यानंतरचे. त्या बुरशीला पुढे बास्सी यांचेच नाव मिळाले: बिव्हेरिया बॅसियाना. १८७९ मध्ये ओडेसा येथे इल्या मेचनिकोव्ह यांनी उलटा विचार केला. गव्हाची नासाडी करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर त्यांना हिरवी बुरशी दिसली. ती मुद्दाम वाढवून शेतात सोडली तर, हा त्यांचा प्रश्न होता. ती बुरशी म्हणजे आजची मेटाऱ्हायझियम ॲनिसोप्ली. पुढच्या दशकात युक्रेनमधील स्मेला येथे तिचे बीजाणू मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा प्रयोगही झाला. मेचनिकोव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल मिळाले ते मात्र शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी.

रासायनिक कीटकनाशकांच्या सुगीत ही वाट मागे पडली. १९८० च्या दशकात आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात टोळधाडी आल्या, प्रचंड प्रमाणात विष फवारले गेले आणि त्यानंतर शास्त्रज्ञ पुन्हा या वाटेकडे वळले. टोळांवर चालणारी मेटाऱ्हायझियमची एक जात तेलात मिसळून फवारण्याची पद्धत तेव्हा विकसित झाली. या इतिहासातून शिकण्यासारखी गोष्ट अशी, की बुरशीत मारण्याची ताकद आहे का हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच सुटला. तिला शेतात जिवंत आणि योग्य जागी कसे पोहोचवायचे, हा प्रश्न आजही रोजचा आहे.

ती काम कशी करते ते पाहिले की हा प्रश्न उलगडतो. पुडीतली भुकटी म्हणजे मुख्यतः वाहक पूड आणि त्यात बुरशीचे कोट्यवधी बीजाणू. बीजाणू अळीच्या अंगावर पडला की कातडीच्या मेणचट थराला चिकटतो. भरपूर ओलावा मिळाला तर काही तासांत त्याला अंकुर फुटतो. अंकुराच्या टोकाशी एक फुगीर गादी तयार होते. ती कातडीला घट्ट धरते आणि प्रथिने, मेद आणि कायटिन विरघळवणारे स्राव सोडत, दाब देत आत घुसते. शिरल्यावर बुरशी अळीच्या रक्तात तुकड्यातुकड्यांनी वाढते, अन्न शोषते, काही जाती विषही सोडतात. दोन-तीन दिवसांत अळीचे खाणे मंदावते. चार ते आठ दिवसांत ती मरते. हवा दमट असेल तर बुरशी कातडी फोडून बाहेर येते, आधी पांढरी, मग हिरवी, आणि त्या एका मेलेल्या अळीवरून असंख्य नवे बीजाणू हवेत जातात. हवा कोरडी असेल तर अळी मरते, पण तिच्यावर नवे बीजाणू धरत नाहीत आणि साथ तिथेच थांबते.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. बीटी हा जीवाणू किंवा एनपीव्ही हा विषाणू अळीच्या पोटात जावा लागतो. बुरशीला अंगाला नुसता स्पर्श पुरतो. मात्र तो स्पर्श टिकला पाहिजे. बीजाणू रुजण्याआधी अळीने कात टाकली तर कातीबरोबर तोही गळून पडतो. लहान अळीची कातडी पातळ असते आणि तिला अजून पुष्कळ जगायचे असते, म्हणून पहिल्या तीन अवस्थांत बुरशी सर्वांत चांगली लागू पडते. मोठी अळी मरते तरी मरेपर्यंत आपले पोट भरून घेते.

आता पोंग्याकडे वळू. अळीचा किल्ला म्हणून आपण त्याला दोष देतो, पण बुरशीला हवे ते सगळे नेमके तिथेच आहे. बीजाणूंचे दोन मोठे वैरी म्हणजे ऊन आणि कोरडी हवा. उन्हातले अतिनील किरण उघड्या पानावरचे बीजाणू काही तासांत निकामी करतात. पोंग्याच्या आत सावली असते, दव आणि पावसाचे पाणी साचते, पानांच्या गुंडाळ्यांत दमटपणा टिकतो, आणि अळीला तिथूनच सरपटावे लागते. वीस ते सत्तावीस अंश तापमान आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक आर्द्रता ही नोमुरियाची आवडती हवा खरिपातल्या पोंग्यात बऱ्याचदा आयती मिळते. म्हणून पानांवर भुरभुर तुषार मारण्यापेक्षा फवाऱ्याचे तोंड पोंग्यावर धरून द्रावण आत उतरवणे, आणि तेही सूर्य कलल्यावर, या दोन गोष्टींनी निकालात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शिफारशीही याच तर्काला धरून आहेत. पेरणीनंतर साधारण पंधरा ते पंचवीस दिवसांच्या पिकात मेटाऱ्हायझियम ॲनिसोप्ली प्रति लिटर पाण्यात ५ ग्रॅम, किंवा नोमुरिया रिलेयी प्रति लिटर ३ ग्रॅम, असे पोंग्यात द्यायचे आणि गरजेनुसार दहा दिवसांनी पुन्हा द्यायचे. ही मात्रा प्रति ग्रॅम एक गुणिले दहाचा आठवा घात, म्हणजे दहा कोटी जिवंत बीजाणू असलेल्या उत्पादनासाठी आहे. आपल्या विद्यापीठांच्या काही शिफारशींत नोमुरियाचीही मात्रा दहा लिटरला ५० ग्रॅम दिलेली आढळते. म्हणून पुडीवरची बीजाणूसंख्या वाचावी आणि आपल्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्राची चालू शिफारस पाळावी.

बुरशी एकटी लढत नाही, हे सांगितले नाही तर ही प्रस्तावना अर्धवट राहील. एकरी पाच कामगंध सापळे लावले की पतंग आल्याची वर्दी मिळते. अंडीपुंज आणि नुकत्याच निघालेल्या अळ्या हाताने चिरडणे हे कमी क्षेत्रावर आजही सर्वांत स्वस्त काम आहे. ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस हे इवले परजीवी कीटक अंड्यांतच किडीला गाठतात. सुरुवातीच्या प्रादुर्भावाला पाच टक्के निंबोळी अर्क चालतो. नोमुरिया मुख्यतः पतंगवर्गीय अळ्यांवरच जगते, म्हणून ढालकिडे, क्रायसोपा, मधमाश्या यांना तिची झळ लागत नाही आणि हे सगळे मित्र शेतात टिकतात. प्रादुर्भाव हाताबाहेर गेला तर शिफारशीतले रासायनिक औषध वापरावेच लागेल. ते वेळेवर आणि मोजके वापरण्यात कमीपणा काही नाही.

मर्यादांबद्दलही आडपडदा नको. उन्हाळी मक्यात, चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत बुरशीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. तिथे बाकीचे उपाय पुढे ठेवावेत. बुरशीबरोबर किंवा तिच्या आगेमागे लगेच बुरशीनाशक फवारले तर आपण आपल्याच सैन्यावर गोळी झाडतो. परदेशात सोयाबीनवर बुरशीनाशकांचा वापर वाढल्यावर नोमुरियाची नैसर्गिक साथ मंदावल्याच्या नोंदी आहेत. ज्या पंपातून काल बुरशीनाशक मारले तो स्वच्छ धुतल्याशिवाय आज वापरू नये. आणि एक इशारा ठळक अक्षरांत लिहावा असा: तुतीच्या बागेजवळ या बुरश्या वापरू नयेत. मराठवाड्यात रेशीम शेती वाढली आहे, जालन्याला कोषांची बाजारपेठ उभी राहिली आहे. बास्सी यांनी ज्या रोगाचा शोध घेतला तसाच रोग मक्यातून उडून शेजाऱ्याच्या रेशीम किड्यांवर जाऊ शकतो.

दर्जाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ही पुडी जिवंत मालाची आहे. पत्र्याच्या दुकानात वैशाखभर तापलेल्या पुडीत पूड तेवढी उरते. खरेदी करताना नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि बीजाणूसंख्या पाहावी, पक्के बिल घ्यावे, घरी आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवावी. नोमुरिया प्रयोगशाळेत वाढायला हट्टी आहे, तिला खाद्य निवडक लागते, म्हणून ती बाजारात मेटाऱ्हायझियमइतकी सहज मिळत नाही. तांदळाच्या दाण्यांवर तिची वाढ करण्याची पद्धत विद्यापीठांनी बसवली आहे आणि बचत गटांना, शेतकरी कंपन्यांना त्यात संधी आहे. पण निर्जंतुकीकरणात हयगय झाली तर त्याच तांदळावर भलतीच बुरशी वाढते, आणि त्यातल्या काही माणसाला आणि जनावराला घातक असतात. प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि मूळ वाण खात्रीच्या प्रयोगशाळेतून आणल्याशिवाय हा उद्योग घरी करू नये. पुस्तिकेतील एक पूर्ण प्रकरण त्यासाठी दिले आहे.

बाकीच्या प्रकरणांत किडीची ओळख, बुरशींचे प्रकार, फवारणीचे तंत्र, मित्रकीटक आणि खर्चाचा हिशेब असा क्रम आहे. शेतकरी वाचकाने फवारणीच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांनी आणि कृषी सहायकांनी मात्र अळीच्या अवस्थांचे प्रकरण टाळू नये, कारण शेतकऱ्याला सल्ला देताना चूक होते ती बहुधा तिथेच. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी साठवणुकीची पाने दुकानात लावली तर त्यांचे आणि गिऱ्हाईकाचे दोघांचेही भले होईल.

वाचकाला एकच विनंती आहे. येत्या हंगामात मका उगवून आल्यावर पंधराव्या दिवशी शेतात इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षराच्या आकारात चालत जा, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी वीस झाडे पाहा. शंभरातली पाच झाडे खरवडलेली दिसली तर त्याच संध्याकाळी कामाला लागा. मोजणी केल्याशिवाय कोणतीही पुडी फोडू नका आणि बुरशी मारल्यावर आठवडा उलटेपर्यंत तिचा निकाल लावू नका.